आम्ही दोघंच

"मिक्सर लावू का?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

"सात मिनिटं थांब."

"वाटायचं राहिलंय माझं."

"काही वाटू नकोस, कुठलं बटण दाबू नकोस. मध्येच फ्यूज उडाला तर हा डबा कायमचा मेला म्हणून समज."

माइकराव समोरच्या खोलीत स्टुलावर बसून लॅपटॉपवर सरकणाऱ्या निळ्या पट्टीकडे श्वास रोखून पाहत होते. डबा म्हणजे माळ्यावर पडलेला त्यांचा जुना राउटर. त्याच्या पोटातला कंपनीचा प्रोग्रॅम पुसून तिथे दुसरा भरायचं काम चाललं होतं. अशा प्रोग्रॅमला फर्मवेअर म्हणतात, आणि हौशी मंडळींनी लिहून फुकट वाटलेला हा दुसरा घातला की असल्या जुन्या डब्याचीही ताकद हवी तेवढी वाढवता येते, हे ज्ञान त्यांनी आठवडाभर व्हिडिओ पाहून मिळवलं होतं. पायऱ्या वहीत लिहून घेतल्या होत्या. अकराव्या पायरीखाली लाल शाईने दोन रेघा होत्या: वीज जाता कामा नये.

वीज गेली नाही. डब्यावरचा दिवा तीनदा लुकलुकला आणि हिरवा झाला. माइकरावांनी नेट कंपनीच्या चालू डब्याला तो वायरने जोडला, ताकदीचा आकडा शेवटपर्यंत नेला, मग ते मोबाइल हातात धरून पॅसेजातून मागच्या खोलीत गेले आणि टेबलाशी बसलेल्या मुलीपुढे तो नाचवला.

"बघ. फुल दांड्या."

"छान झालं बाबा," ती म्हणाली. कानावर हेडफोन होता, पण ती हसली.

डेपोत त्यांना माइकराव हे नाव पडलं ते उगाच नाही. बसस्थानकावर तीस वर्षं त्यांनी गाड्यांची घोषणा केली. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागते आहे हे त्या आवाजात ऐकलं की माणसं न विचारता धावत. माइक बंद पडला तरी आपला आवाज सहा नंबरच्या फलाटापर्यंत जायचा, असं ते स्वतः सांगत आणि ते खरंही होतं. भोंगे, वायरी, अँप्लिफायर, सगळं तेच खोलत आणि तेच जोडत. त्यामुळे निवृत्तीनंतर राउटर खोलायला बसलेले माइकराव पाहून घरात कुणाला नवल वाटलं नाही. मेहुणीने तर फोनवर तोंडभरून कौतुक केलं, की लेकीच्या नोकरीसाठी बाप या वयात काय काय शिकतोय. माइकरावांनी ते कौतुक ठेवून घेतलं.

खरी गोष्ट वेगळी होती आणि ती त्यांना ठाऊक होती. मुलगी तीन महिन्यांपूर्वी एका बॅगेनिशी सासर सोडून आली. का आली ते तिने आईला सांगितलं, आईने त्यातलं निम्मं यांना सांगितलं, आणि तेवढंही यांना पुरून उरलं. ते स्थळ त्यांनीच आणलं होतं. असा जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही, हे त्यांनी डेपोभर सांगितलं होतं, आणि सांगायचं म्हणजे त्यांच्या आवाजात.

मुलीने महिन्याभरात घरबसल्या काम मिळवलं. वॉशिंग मशीनच्या तक्रारी फोनवर घ्यायच्या, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. नोकरी अजून कच्ची होती, महिनाअखेरीला पक्की व्हायची होती, आणि त्या कागदावर तिचं सगळं अडलं होतं. तिला वेगळी खोली घ्यायची होती. मागच्या खोलीत मात्र नेट लंगडत यायचं. मध्ये दोन जाड भिंती आणि एक लोखंडी कपाट. समोरच्या खोलीत राउटर डोक्यावरच होता, तिथे नेट धो धो होतं. बायको पहिल्याच दिवशी म्हणाली होती, पोरीचं टेबल बाहेर घ्या. माइकराव म्हणाले, बाहेर गोंगाट असतो, तिचं लक्ष लागायचं नाही.

गोंगाट म्हणजे डेपोतले तीन दोस्त. एक ड्रायव्हर, एक कंडक्टर, एक टाइमकीपर, तिघेही निवृत्त. मंगळवारी आणि शुक्रवारी दहाच्या ठोक्याला यायचे, दोनदा चहा प्यायचे, बाराला उठायचे. तिघेही मुलीच्या लग्नाला आले होते. ती घरात आहे हे त्यांना माहीत नव्हतं. न्हाणीघराचं दार समोरच्या खोलीतच उघडत होतं, म्हणून मुलगी त्या दोन दिवशी सकाळी आठनंतर पाणी पीत नसे. बायकोने हे नवऱ्याला एकदा सांगितलं होतं. दोन तासांचा तर प्रश्न आहे, असं माइकराव म्हणाले होते.

तर आता फुल दांड्या आल्या. माइकराव दोन दिवस खुशीत होते. तिसऱ्या दिवशी मुलीने जेवताना सांगितलं की दांड्या दिसतात, पण लोक म्हणतात तुमचा आवाज तुटतो. वरिष्ठ बाईंनी समज दिली आहे. माइकरावांनी डब्याची दिशा बदलली. मग उंची बदलली. मग कपाट हातभर सरकवलं, त्यात कंबर धरली. शेवटी वही घेऊन ते बाजारातल्या रेडिओवाल्याकडे गेले. रेडिओ दुरुस्त करणं त्याने कधीच सोडलं होतं, आता तो मोबाइल आणि राउटर बघायचा, पण त्याला अजून सगळे रेडिओवालाच म्हणत.

त्याने वही वाचली, फर्मवेअर स्वतः चढवलं म्हणून पाठ थोपटली आणि मग डोकं खाजवलं.

"माइकराव, तुम्ही भोंगा मोठा केलात. तिच्या लॅपटॉपचा आवाज आहे तेवढाच आहे. तुमच्या डब्याचं तिला ठणठणीत ऐकू येतं, तिचं डब्यापर्यंत पोचत नाही. ताकद वाढवून काय होणार?"

"मग उपाय?"

"पॅसेजात दुसरा डबा लावा. तिचं ऐकेल आणि पुढे देईल."

"पॅसेजातला दिसतो बाहेरून."

"दिसला तर दिसला. चोरीचा आहे का?"

रेडिओवाल्याने मग सरळ वायर ओढा म्हणून सुचवलं. वायर दारावरून जाणार, ती कुणासाठी असं ड्रायव्हर हमखास विचारणार. त्याची नजर आरशात मागची सीट बघणारी. माइकराव म्हणाले, वायरचं जमणार नाही.

"तर मग पोरीलाच राउटरजवळ बसवा ना," रेडिओवाला म्हणाला. "एवढं कशाला झगडताय?"

बघतो, म्हणून माइकरावांनी वही मिटली. घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं की रेडिओवाल्याला फारसं कळत नाही.

शुक्रवारी तिघे येऊन गेले. संध्याकाळी सहा वाजता मुलगी बाहेर आली ती थेट स्वयंपाकघरात गेली. आत कुजबुज झाली. मग बायको दारात येऊन म्हणाली, की आजचा एक फोन फार बिघडला. वरिष्ठ बाईंनी त्याचं रेकॉर्डिंगच पाठवलंय. पुढचा आठवडा नीट गेला तर ठीक, नाहीतर कागद मिळणार नाही.

"मला ऐकव," माइकराव मुलीला म्हणाले. "कुठे तुटतं ते कळेल."

"नको, बाबा."

"अगं, तीस वर्षं आवाजात काढली मी. ऐकल्यावर मला दोष सापडेल."

ती आणखी एकदा नको म्हणाली. माइकरावांनी हात पुढे केलेलाच होता. तिने लॅपटॉप आणला, हेडफोन त्यांच्या हातात दिला, बटण दाबलं आणि गॅसवर दूध आहे म्हणत आत गेली. गॅसवर दूध नव्हतं.

आधी एका बाईचा आवाज आला, मशीनमधून पाणी गळतंय म्हणून. मग मुलीचा: आपला नं... सां... जरा... थां. बाई म्हणाल्या, ताई, तुमचं काही ऐकू येत नाही. माइकरावांनी पेन्सिल उचलली, सेकंद टिपून घेतले. पुन्हा मुलगी: मी बघ... एक मिनि... मग ती गप्प झाली, बहुधा मशीनचा नंबर शोधत असावी. नेमकी तेवढी दहा सेकंद लाइन स्वच्छ होती. त्या स्वच्छ लाइनवर, थोडा लांबून, पण प्रत्येक अक्षर सुटं करत एक आवाज आला.

"मुलगी ना? तिच्या घरी. मजेत आहे. आता इथं आम्ही दोघंच."

"तिथं कोण बोलतंय हो?" फोनवरच्या बाईंनी विचारलं.

"कुणी नाही, मॅडम," मुलगी म्हणाली. हे वाक्य तुटलं नाही.

माइकराव पेन्सिल धरून बसून राहिले. सकाळी कंडक्टरने सहज विचारलं होतं आणि त्यांनी सहज उत्तर दिलं होतं. ते दर खेपेला तेच उत्तर देत. आणि देताना आपण आवाज उतरवतो, असा त्यांचा समज होता. त्यांनी ती दहा सेकंद पुन्हा लावली. आपला आवाज रेकॉर्डिंगवर ऐकायची त्यांना सवय होती, कधीकाळी आवडही होती. आता तो त्यांच्या कानाला लागला. इतका ठाम, इतका खणखणीत, की कुणालाही खरं वाटावं. त्यांना लाज वाटली. खोलीत कुणी नव्हतं तरी त्यांनी हेडफोन काढून उशीखाली सरकवला, जणू तो अजून बोलतोय.

बायको येऊन समोर बसली.

"तिला नेहमी ऐकू जातं?" त्यांनी विचारलं.

"भिंती नेटला जाड आहेत, तुम्हाला नाहीत. हसते ती. मला म्हणते, आई, आज पण बाबांनी मला मजेत ठेवलंय."

शनिवार गेला, रविवार गेला. माइकरावांना मुलीला काहीतरी सांगायचं होतं. ते पॅसेजात जायचे, दारापर्यंत पोचायचे, आणि पाणी हवं का विचारून परतायचे. ती हो म्हणायची, पाणी घ्यायची. हजारो गाड्या ज्यांनी न अडखळता सोडल्या त्यांच्या तोंडून हे एक वाक्य सुटेना. वहीत लिहून पाहिलं, तर तेही दुसऱ्याच कुणीतरी लिहिल्यासारखं वाटलं.

सोमवारी सकाळी आठ वाजता त्यांनी तिच्या टेबलावरचं सामान पलंगावर काढून ठेवलं आणि टेबलाचं एक टोक उचललं. मुलगी केस विंचरत होती. कंगवा तसाच हातात.

"कुठे नेताय?"

"बाहेर. राउटरखाली."

"उद्या मंगळवार आहे, बाबा."

"माहीत आहे."

तिने कंगवा ठेवला आणि दुसरं टोक उचललं. पॅसेजात टेबल अडकलं, आडवं करावं लागलं, त्यात त्यांच्या बोटांची सालटी निघाली. समोरच्या खोलीत भिंतीशी टेबल लागल्यावर ती प्लग लावायला वाकली आणि ते तिच्या पाठीकडे बघत उभे राहिले. "माझं..." एवढं म्हणाले आणि थांबले. तिने वळून पाहिलं नाही. नऊला तिचा पहिला फोन आला. दिवसभरात एकदाही तिला वाक्य परत म्हणावं लागलं नाही.

मंगळवारी दहाच्या ठोक्याला दार वाजलं. माइकरावांनी ते स्वतः उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. तिघेही उंबऱ्यातच थबकले. आत टेबलाशी मुलगी पाठमोरी बसली होती, कुणाला तरी मशीनचा नंबर कुठे छापलेला असतो ते समजावून सांगत होती.

"कन्या आली वाटतं," टाइमकीपर म्हणाला.

"आज नाही आली," माइकराव म्हणाले. आवाज त्यांनी खरोखरच उतरवला होता. "तीन महिने झाले. इथेच राहते. मी तुम्हाला खोटं सांगत होतो."

कंडक्टरने चपला काढता काढता मान खाली घातली.

"ती कामात आहे," माइकराव म्हणाले. "आपण मागे बसू."

ते पुढे झाले आणि बाकीचे तिच्या पाठीमागून चोरपावलांनी पॅसेजात शिरले. मागच्या खोलीत एकच खुर्ची होती, ती ड्रायव्हरने घेतली, कारण त्याचे गुडघे गेलेले. बाकीचे दोघे पलंगावर बसले. माइकराव लोखंडी कपाटाला टेकून जमिनीवर बसले. हवा कोंदट होती, खिडकी शेजारच्या भिंतीवर उघडत होती. ही खोली एवढी लहान आहे हे तिथे चौघं बसेपर्यंत त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. समोरच्या खोलीतला मुलीचा शब्द न् शब्द तिथे ऐकू येत होता.

बायकोने चहा आणला आणि जाताना दार अर्धं उघडं ठेवलं. त्या फटीतून पॅसेज दिसत होता, पॅसेजच्या टोकाला टेबलाचा कोपरा आणि मुलीचा एक हात. फोन संपला असावा. हात टेबलावर थोडा चाचपडला, पाण्याची बाटली सापडली, झाकण फिरवलं. मंगळवार होता, सव्वादहा वाजले होते. चहा निवत चालला तरी माइकरावांनी कप उचलला नाही. ती सावकाश, अर्धी बाटली होईपर्यंत पाणी पीत होती.