डावीकडचं पुढचं चाक

शिवकांतावहिनींचं पत्र श्रावणात आलं होतं, आणि दसरा तोंडावर आला तरी अमृतरावांनी त्याला उत्तर धाडलं नव्हतं. पत्र काही हरवलं नव्हतं. ते टेबलावर चष्म्याच्या डबीखाली होतं. रोज सकाळी डबी उचलली की ते दिसायचं, आणि अमृतराव घाईनं चष्मा लावून दुसरीकडे बघायचे.

“भाऊजी, तुम्ही फोन उचलत नाही हे ह्यांनी मला सांगून ठेवलं होतं, म्हणून लिहिते,” अशी सुरुवात होती. ‘हे’ म्हणजे लातूरचे गुरुपादप्पा, अमृतरावांचे शाळेपासूनचे मित्र. दोघांनी तरुणपणी एकाच महिन्यात एकसारख्या दोन फियाट घेतल्या. एक लातुरात गेली, एक उदगिरात राहिली. मागच्या वर्षी गुरुपादप्पा लिंगैक्य झाले आणि त्यांची गाडी पत्र्याखाली उभी राहिली ती राहिलीच. वहिनींना ती पुन्हा चालती करायची होती. मुलगा, सोमेश, म्हणत होता भंगारात देऊन टाकू. शेवटी मायलेकांत ठरलं, की दिवाळीच्या पाडव्याला गाडी रस्त्यावर आली तर ठेवायची, नाही तर द्यायची.

“इथल्या दुकानात चाकांचे दोन संच दाखवले. एक चकचकीत, एक साधा. बोल्टची भोकं दोन्हींची जुळतात, पण ऑफसेट वेगळा आहे म्हणे. दोन्हींचे आकडे खाली लिहिलेत. आमच्या चाकांचा गंजून पापड झालाय, मोजायचं काय? तुमची चाकं मूळची. तुम्ही सांगाल तो संच घेईन. दुकानदार दिवाळीपर्यंत थांबतो म्हणाला.”

अमृतराव वाचनालयात ग्रंथपाल होते. ऑफसेट म्हणजे काय हे त्यांनी पुस्तक काढून वाचलं. चाकाची जी तबकडी बोल्टांनी गाडीला आवळतात, ती रुंदीच्या बरोबर मधोमध नसते, जराशी बाहेरच्या अंगाला असते. मध्यापासूनचं ते अंतर म्हणजे ऑफसेट. ते कमी पडलं की चाक गाडीबाहेर डोकावतं, वळणावर टायर मडगार्डला घासतो, स्टिअरिंग ओढ घेतं.

मग जॅक लावून त्यांनी डावीकडचं पुढचं चाक काढलं. पालथं घातलं, कडेवर पट्टी आडवी ठेवली, तबकडीपर्यंतची खोली मोजली, तिच्यातून निम्मी रुंदी वजा केली. उत्तर चकचकीत संचाशी जुळलं. खात्री करावी म्हणून त्याच बाजूचं मागचं काढलं. ते साध्या संचाशी जुळलं. दोन्हींत दीड सेंटिमीटरचा फरक!

पट्टी बदलली, चष्मा बदलला, तरी तेच. उजवी बाजू भिंतीला चिकटलेली, तिकडची चाकं काढायला जागा नव्हती; गाडी बाहेर काढावी हे त्यांना सुचलं नाही. अमृतराव पायरीवर बसून राहिले. एका गाडीची चाकं दोन तऱ्हेची कशी असतील? आपलंच कुठंतरी चुकतंय. चुकणारा म्हणजे आपणच, ही त्यांची लहानपणापासूनची खात्री होती.

“काय करून राहिलात?” त्यांच्या पत्नी दानम्मांनी दारातून विचारलं. “चाकाची जन्मपत्रिका काढता का?”

“आकडा जुळेना.”

“मग जुळेना म्हणून लिवा. बाई वाट बघून राहिली तिकडं.”

“आणि चुकीचं लिहिलं, अन् वहिनींची गाडी वळणावर कलंडली म्हणजे?”

“सोयरीक मोडली तरी माणूस निरोप धाडतंय,” असं म्हणून दानम्मा आत गेल्या.

पत्र चष्म्याच्या डबीखालीच राहिलं.

खंडेनवमीला गाडी ढकलून अंगणात आणली, धुतली. पाना, जॅक, हातोडा पाटावर मांडून त्यांना फुलं वाहिली. दानम्मा विभूतीची वाटी घेऊन गाडीभोवती फिरू लागल्या. प्रत्येक चाकाच्या मधोमध तीन बोटं ओढायची, कुंकू लावायचं, झेंडू खोचायचा. उजवीकडची दोन झाली. डावीकडचं मागचं झालं. पुढच्या चाकाशी त्या वाकल्या आणि बांगड्या खणकन कडेवर आपटल्या.

“ह्या एका चाकाचं नेहमीचंच,” त्या पुटपुटल्या. “लई खोल हाय. गेल्या साली एक बांगडी पिचली.”

अमृतरावांच्या हातातला नारळ तसाच राहिला. “एकाच? बाकीच्यांना लागत नाही?”

“न्हाई. ह्यालाच.”

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“तुम्ही कधी विचारलं? मला वाटलं, एखाद्याचा पाय वाकडा असतोय, तसं गाडीचंबी असंल.”

अमृतरावांनी आधी मागच्या चाकात हात घातला, मग पुढच्या. खरंच, इथं तबकडी आत होती. तबकडी आत म्हणजे चाक बाहेर. त्यांना हिमायतनगरचं लग्न आठवलं. परतताना खड्ड्यात चाक वाकलं, स्टेपनीत हवा नव्हती, आणि रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्यानं दुकानात पडून असलेलं एक चाक चढवून दिलं. “बसतंय की, काका.” तेव्हापासून गाडी डावीकडे ओढायची. आपला हात थकला, असं समजून त्यांनी गाडी बाजारापलीकडे नेणंच सोडलं होतं.

ते पान्याकडे वळले.

“हात लावायचा न्हाई!” दानम्मा गरजल्या. “हत्यारं पूजेला बसलीत. उद्या सोनं वाटून झाल्यावर काय ते.”

दसरा उलटला. दुसऱ्या दिवशी त्यांनी उजवीकडची दोन्ही चाकं मोजली, डिकीतली स्टेपनीही मोजली. तिन्ही साध्या संचाशी जुळली. स्टेपनीत हवा भरून आणली आणि पुढं चढवली.

मग ते लिहायला बसले. “वहिनी, साधा संच घ्या. चकचकीत घेऊ नका. तसल्या एका चाकावर मी इतकी वर्षं गाडी ओढली. माझ्या मते...” इथं ते थांबले. ‘माझ्या मते’ खोडलं. आकडा लिहिला, खाली रेघ ओढली. उशिराबद्दल क्षमा मागून पाकीट डकवलं.

पोस्टाकडे गाडीनंच गेले. शेजारी दानम्मा.

“आज सरळ जाऊन राहिली की हो.”

“हूं,” अमृतराव म्हणाले. त्यांनी स्टिअरिंगवरची पकड हळूच सैल केली. गाडी सरळच गेली.

पेटीपाशी पाकीट निम्मं आत गेलं आणि हात थांबला. आकडा एकदा पुन्हा बघावा का?

“पाडव्याला किती दिस राहिले?” दानम्मांनी गाडीतून विचारलं.

अमृतरावांनी पाकीट सोडलं. पेटी रिकामी असावी. ते तळाला पडल्याचा आवाज दोघांनाही ऐकू आला.