दोन अंडी, दही, पाणी सहा पेले

माझी बायको वेलिका गेल्याचं मला कळलं तेव्हा मी अंडी रंगवत होतो. इस्टरआधीचा गुरुवार होता. हे काम दरवर्षी तिचं. या वर्षी ती हॉस्पिटलात होती आणि मला बजावून ठेवलं होतं, "पहिलं लाल रंगव. व्हिनेगर घाल. तू विसरतोस." मी व्हिनेगर घातलं होतं. फोन आला. डॉक्टर म्हणाले, पहाटे फुफ्फुसात गुठळी अडकली, फार वेळ लागला नाही. मी बरं म्हणालो. मग उरलेली अंडी रंगवली, कारण पाणी गरम होतं.

जानेवारीत ती अंगणात लाकडं आणायला गेली आणि बर्फावरून घसरली. मी कॅफेत पत्ते खेळत होतो. दीड तास ती तिथेच पडून होती. कमरेखालचं हाड, डॉक्टर ज्याला पेल्विस म्हणतात, ते दोन जागी चिरलं होतं. ऑपरेशन लागलं नाही. आधी पडून राहायचं आणि मग हळूहळू उभं राहायचं, असं सांगितलं. तिचं वय एकाहत्तर.

त्या दीड तासात तिने देवाच्या आईला शब्द दिला होता. इस्टरला मला माझ्या पायांनी चर्चला येऊ दे, मी मोठा उपास एकही दिवस न मोडता धरीन. मोठा उपास म्हणजे इस्टरआधीचे सात आठवडे मांस नाही, अंडी नाहीत, दूध, दही, चीज काही नाही. मासा फक्त दोन दिवस चालतो, पंचवीस मार्चला आणि इस्टरआधीच्या रविवारी, पाम संडेला. ती एरवी पहिला आणि शेवटचा आठवडा धरायची. आमच्या गल्लीत सगळे तेवढंच करतात.

मार्चमध्ये आम्ही गरम झऱ्यांच्या गावी व्यायामाला जायला लागलो. बुधवारी आणि शनिवारी, माझ्या गाडीने. तिथली फिजिओथेरपिस्ट विह्रा, तिशीतली मुलगी. पहिल्या दिवशी ती व्यायामापेक्षा जेवणाबद्दलच जास्त बोलली.

"हाड जुळायचं, मांडीत बळ यायचं, तर आत काहीतरी गेलं पाहिजे ना, काकू? रोज दोन अंडी, दही, चीज. आणि पाणी. पाणी पिता का तुम्ही?"

मी म्हणालो, "नाही पीत. शिंकली तरी लघवी गळते, म्हणून."

"मिंको!"

"अगं, तिचं कामच आहे ते."

"तोंड आहे का फाटकं पोतं तुझं?"

विह्रा हसली. म्हणाली, "काकू, पाणी कमी प्यायलं की लघवी जळजळीत होते आणि जास्तच घाई लागते. वर पोट साफ होत नाही. मग तुम्ही कुंथता आणि ज्या स्नायूंनी सगळं तोलून धरायचं तेच सैल पडतात." मग तिने ओटीपोटाचे स्नायू आत ओढून धरायला शिकवलं. मला भिंतीकडे तोंड करून बसायला सांगितलं.

निघताना तिने एक वही माझ्याच हातात दिली. "काका, काकू रोज काय खातात ते तुम्ही लिहा. बायका स्वतःचं लिहितात तेव्हा थापा मारतात."

गाडीत वेलिका म्हणाली, "पाणी पिईन. सुके आलुबुखार खाईन. अंड्याला हात लावणार नाही."

"मग वहीत काय लिहू?"

"तिला हवं ते लिही."

"वेलिका, ती औषधासारखं सांगतेय."

"मी चालायला हवी आहे ना तुला? मग माझा शब्द मोडायला लावू नकोस."

मी लिहिलं. दोन अंडी, दही, पाणी सहा पेले. पाणी खरं होतं. खरं जेवण म्हणजे पाव, आंबवलेल्या कोबीची वाटी आणि कधी घेवड्याचं सूप. त्यातलेही घेवडे ती माझ्या ताटात काढायची, पोट फुगतं म्हणून. विह्राच्या टेबलावर वायू सरला तर काय, ही तिची भीती.

मी फादर इलारिओनना जाऊन विचारलं. ते म्हणाले, "आजाऱ्याला उपास नसतो, मिंको. खायला घाल तिला. माझ्या नावावर घाल."

घरी येऊन सांगितलं. ती म्हणाली, "मी शब्द फादरला दिला होता का?"

कोंबड्या अंडी देतच होत्या. मी ती कुंपणावरून शेजारच्या दोनकाला द्यायचो. दोनका म्हणायची, "मिंकोदादा, तुमच्या घरात कोंबड्या सोडून सगळेच संत झाले वाटतं." उपासाची गोष्ट तिच्या तोंडून बाहेर जाऊ नये म्हणून मी हसायचो.

विह्रा दर शनिवारी टेपने वेलिकाची मांडी मोजायची. तिसऱ्या शनिवारी दोन सेंटिमीटर कमी भरली. तिने वही चाळली, परत टेप लावला.

पंचवीस मार्चला मासा चालतो. मी नदीचे दोन मोठे मासे आणले. तिने दोन्ही खाल्ले, काटे चोखून. संध्याकाळी तिसरा मागितला, तो मी दोनकाकडून आणला. दुसऱ्या दिवशी ती काठी न घेता पलंगापासून खिडकीपर्यंत गेली आणि म्हणाली, "बघ, ऐकलं देवाच्या आईने माझं." मी तिच्याकडे बघितलं. मला मासे आठवत होते.

पुढच्या वेळी विह्राने विचारलं, "काकू आज ताज्या दिसताहेत. काय वेगळं केलं, काका?"

वेलिकाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "हवा चांगली होती."

तेव्हाच सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं.

नंतरच्या शनिवारी मांडी आणखी कमी भरली. विह्रा वहीवर बोट ठेवून म्हणाली, "खाणं तर उत्तम आहे. म्हणजे व्यायामच कमी पडतोय. वाढवू या." खुर्चीतून उठणं-बसणं सहा वेळा होतं ते बारा वेळा झालं. वेलिका कुरकुरली नाही. घरी मी मोजायचो. पाम संडेच्या आधीच्या गुरुवारी नवव्या वेळी तिचा गुडघा दुमडला. ती हळूच खाली बसल्यासारखी पडली, आवाजही झाला नाही. हाड पुन्हा चिरलं. परत हॉस्पिटल, परत पलंग.

पाम संडेला मी मासा घेऊन गेलो. अर्धा खाल्ला. म्हणाली, "अजून एक आठवडा. मग अंडं खाईन, दोन खाईन, तुझ्या त्या विह्रासमोर खाईन." मग अंडी रंगवण्याबद्दल बोलली. चार दिवसांनी फोन आला.

हॉस्पिटलात कागद घेताना डॉक्टरांनी विचारलं, घरी जेवण कसं होतं. वही माझ्या खिशात होती. मी ती दिली. त्यांनी सगळी पानं बघितली. म्हणाले, "आहाराचा दोष नाही. तुम्ही त्यांची चांगली काळजी घेतलीत." मी वही परत खिशात ठेवली.

पुरताना मला फारसं काही वाटलं नाही. अजूनही वाटत नाही. सकाळी कोंबड्यांना दाणे टाकतो. दोनकाला अंडी देतो. ती आता थट्टा करत नाही.

चाळिसाव्या दिवशी आमच्या रीतीप्रमाणे कबरीपाशी उकडलेले गहू वाटले. विह्रा बस पकडून आली होती. गव्हाचा पेला हातात धरून उभी राहिली. म्हणाली, "काका, काकूंचं मला कोडंच आहे. एवढं चांगलं खाऊनही अंगाला लागलं नाही. मी ती वही नेऊ का? माझ्याकडे त्यांच्या वयाच्या आणखी सहा बायका आहेत. या वयात नुसत्या खाण्याने फरक पडत नाही असं दिसतंय. त्यांचा आहार परत ठरवते, इतका आग्रह नको."

परतताना मी तिला घराशी थांबवलं, आत गेलो, वही आणली, दिली. तिने ती पिशवीत घातली. मी तिला बसपर्यंत सोडायला गेलो. वाटेत ती हवेबद्दल बोलली, मीही बोललो.

याला आज तीन आठवडे झाले. तिचा नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर आहे, वेलिकाच्या अक्षरात. बुधवार आणि शनिवार असे दोन गेले की पुढचे दोन येतात, आणि त्या सहा बायका तिच्याकडे जातात.

वही खोटी आहे हे विह्राला सांगायचं राहिलं आहे.