चादरीचं दुसरं टोक

इस्पितळाच्या लाँड्रीत घडीवाले काका आणि त्यांच्या बायकोने एकोणतीस वर्षं चादरींच्या घड्या घातल्या. दोन टोकं यांच्या हातात, दोन तिच्या. काका लांबूनच गोष्ट सुरू करायचे, तिखटमीठ लावून. मग दोघं चार पावलं पुढे यायची, टोकाला टोक लागायचं आणि ती त्यांची चूक काढायची. त्यात बाईचा हातखंडा होता. “इकडे येताना ट्रकमध्ये सोळा दिवस काढले,” काका म्हणायचे. “सतरा,” ती म्हणायची. काकांना सतरा पाठ होते. तरी ते मुद्दाम सोळाच म्हणायचे.

ती गेल्याला दोन वर्षं झाली. आता काका चादर हनुवटीखाली धरून एकटेच घडी घालायचे. घर खायला उठायचं. शेजारी भले होते, पण बोलणं हवापाण्याच्या पुढे सरकायचं नाही.

म्हणून वाचनालयातली मुलगी रेकॉर्डर घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा काकांचा जीव सुपाएवढा झाला. बाहेरून येऊन इथे राबलेल्या माणसांच्या आठवणी ती त्यांच्याच आवाजात जमवत होती. वाचनालयात त्या कुणालाही ऐकता येणार होत्या. आपल्यामागे बायकोची आठवण काढायला कुणी नाही, निदान तिथे तरी ती राहील, असं काकांच्या मनात आलं. ते दोन तास बोलले.

महिन्याभराने मुलीने त्यांना वाचनालयातल्या कोपऱ्यात बसवून कानांवर हेडफोन चढवले. काका ऐकू लागले आणि त्यांचा चेहरा उतरला. आवाज त्यांचा, शब्द त्यांचे, पण गोष्ट नुसती धावत सुटली होती. आमची ही कुठे गेली, त्यांनी विचारलं.

मुलगी गोंधळली. काकूंबद्दलचा एक शब्दही गाळलेला नाही, म्हणाली. फक्त ते मधे मधे गप्प बसत होते, तेवढं कापलं. सगळं मिळून अकरा मिनिटं. लोकांना कंटाळा येतो ना.

काकांना राग आला, पण पोरीवर काढणार कसा? त्यांनी टेबलावर अंथरलेली चादर ओढून घेतली आणि दोन टोकं तिच्या हातात दिली. मागे सरकून ते म्हणाले, “ट्रकमध्ये सोळा दिवस काढले.” दोघं चालत पुढे आली, टोकाला टोक लागलं. काका थांबले आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

“इथे ती बोलायची,” काका म्हणाले.

मुलीने अकरा मिनिटं जशीच्या तशी परत घातली. पण ऐकणारे बहुतेक पहिल्याच शांततेला उठून जात. एकाने तर तक्रारच केली. शेवटी मुलीने खुर्चीपाशी चिठ्ठी लावली : यंत्र बिघडलेलं नाही. त्यानेही फारसा फरक पडला नाही. ती गोष्ट शेवटपर्यंत ऐकणारा एकच माणूस होता आणि तो दर मंगळवारी यायचा.

काका हेडफोन लावून बसतात. सोळा दिवस, असं कानात येतं आणि मग काही ऐकू येत नाही. काका चादरीची टोकं जुळवल्यासारखे दोन्ही हात छातीपाशी आणतात. हेडफोनमुळे आपण किती मोठ्याने बोलतो ते त्यांना कळत नाही.

“सतरा,” ते म्हणतात.

सगळं वाचनालय मान वर करून बघतं. मुलगी त्यांना गप्प करत नाही.