फळ्यावर राहिलेला मॅजिकल

मी एक जुना इंग्रजी शब्द आहे, मित्रांनो. नाव मॅजिकल. माझे अर्थ दोन. एक, जादूचा. दुसरा, जादू नसूनही जादूसारखा वाटणारा. माझा खरा जीव या दुसऱ्या अर्थात आहे.

लहानपणी माझा थाट काय विचारता! गोष्टीतल्या उडत्या गालिच्यापुढे, बोलक्या आरशापुढे मी ऐटीत उभा असायचो. मग पुण्यात आलो आणि नको इतका लाडका झालो. खराडीच्या नव्या फ्लॅट्सच्या जाहिरातीत मी, केकच्या खोक्यावर मी, लग्नाच्या व्हिडिओतही मीच! दिवसभर राबायचो, पण माझ्याकडे कुणी बघायचं नाही. वापर भरपूर आणि विचारपूस शून्य, हेही दुर्लक्षच की!

अशात सदाशिव पेठेतल्या एका शाळेत, नववीच्या फळ्यावर मी आलो. तिथली रीत अशी की रोज एकाने इंग्रजी शब्द आणायचा, अर्थ सांगायचा आणि उभं राहून स्वतःचं वाक्य करायचं. त्या दिवशी पाळी होती धायरीहून येणाऱ्या राजनंदिनीची. मागच्या पाळीला ती अडखळली होती, वर्ग हसला होता, आणि तेव्हापासून तिने हात वर करणंच सोडलं होतं.

"आज फजिती झाली ना, तर परत कधीच उभी नाही राहणार मी," ती शेजारच्या मैनाला म्हणाली.

खडूने मला लिहून झालं. अर्थही झाला. मग वाक्य आलं, "द सनसेट वॉज मॅजिकल."

"कुठं पाहिलास गं हा सूर्यास्त?" बाईंनी विचारलं.

"गाईडमध्ये, बाई."

"वा! म्हणजे सूर्य हल्ली छापील मावळतो."

वर्ग खो खो हसला. राजनंदिनी खाली बसायलाच लागली. मैनाने तिला कोपराने ढोसलं, "अगं, काकूंचं सांग ना!"

ती पुन्हा सरळ उभी राहिली. "बाई, माझ्या आईला कमी ऐकू येतं. रविवारी तिला कानाचं मशीन बसवलं. घरी येऊन तिने केस सारखे केले आणि दचकलीच. म्हणाली, 'काय वाजतंय गं?' तिच्याच बांगड्या होत्या! मग किती वेळ ती हात हलवायची, थांबायची, परत हलवायची." राजनंदिनीने श्वास घेतला. "माय मदर हर्ड हर ओन बँगल्स. इट वॉज मॅजिकल."

"पण ते तर मशीन," मागून पियुष म्हणाला. "जादू कुठंय त्यात?"

"नाहीच आहे जादू. सेल घालावा लागतो त्यात. तरी तसंच वाटलं."

मित्रांनो, माझा दुसरा अर्थ इतका नेमका कोणत्याच गाईडात नव्हता!

बाईंनी डस्टर उचललं आणि परत ठेवून दिलं. "राहू दे हा शब्द. गणितं खालच्या अर्ध्या फळ्यात मावतील."

मावली. आणि पहिल्याच गणिताला राजनंदिनीचा हात वर होता.

तुम्हीही मला वापरा, अगदी खुशाल वापरा. फक्त उच्चारण्याआधी क्षणभर थांबा, जशी ती आई हात हलवताना थांबत होती.