बुधवारी चार वाजता

आमच्या घरात मोठं टेबल एकच, आणि त्यावर मी कापड बेतते. मी शिंपीण. खडू, कात्री, पट्टी आणि लोकांचे अर्धे कोट यांतून जागा उरली, तर तिथे कुणी ताट टेकवावं. उरत नाही. आमचे हे बस चालवतात, त्यांची पाळी संध्याकाळी साडेपाचला सुरू होते. लेक इस्पितळात परिचारिका. चोवीस वर्षांची झाली तरी आम्ही तिला ठकीच म्हणतो. तिच्या पाळ्यांना तर आगापिछाच नाही. तिघं एका छपराखाली राहत होतो, पण भेटायचो झाकलेल्या ताटावरच्या चिठ्ठ्यांतून. ‘मीठ कमी आहे, वरून घे.’ ‘साबण संपला.’ वाचणारं वाचायचं, खायचं आणि निघायचं.

एक दिवस ठकीने कापडावर एक छापील अर्ज ठेवला.

“आई, इस्पितळाच्या वसतिगृहात खोली मिळतेय. महिनाअखेरपर्यंत सही करून द्यायचीय.”

“का गं? घर टोचायला लागलं?”

“टोचत नाही गं. पण इथे तरी कोण भेटतं? तिथे जेवताना समोर माणूस तरी असेल.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती खरं बोलत होती, म्हणून जास्तच गेली. त्याच दुपारी मी तिघांच्या त्या महिन्याच्या कामाच्या वेळा एका कागदावर मांडल्या आणि शोधत बसले. आठवड्यात सगळे घरी असतील असा तासच सापडेना. सापडला तो बुधवारी दुपारी चार ते पाच.

“चार वाजता कोण जेवतं?” हे म्हणाले.

“आपण,” मी म्हटलं.

पहिल्या बुधवारी टेबल रिकामं करायलाच तास गेला. टाचण्या वेचल्या, खडू पुसला, भात, बटाट्याचा रस्सा आणि अंडी मांडली. आता, शेवटच्या थांब्यावर बस दहा मिनिटं थांबते, म्हणून आमचे हे गेली वीस वर्षं सात मिनिटांत जेवतात. ठकी उभ्यानेच खाते, कारण केव्हा घंटा वाजेल आणि पळावं लागेल याचा नेम नाही. मी अजून वाढतच होते, तोवर हे हात धुऊन आले. चार वाजून सात मिनिटांनी आमचा सोहळा आटोपला. नमनालाच घडाभर तेल गेलं होतं.

पुढच्या बुधवारी मी नियम केला: पाचच्या आत कुणी उठायचं नाही. सगळे बसले. आणि बोलायला कुणाकडे काही नव्हतं! भिंतीवरच्या घड्याळाकडे तिघांनी आळीपाळीने पाहिलं.

“मग?” हे म्हणाले.

“मग काय?”

“काही नाही. एक आजीबाई आहेत माझ्या बसला. रोज शेवटपर्यंत येतात, उतरत नाहीत, तशाच परत जातात.”

“कुठे बसतात?” ठकीने विचारलं.

“दाराजवळच्या खिडकीत. तिथे दुसरं कुणी बसलं तर मला आरशातून डोळे वटारतात.”

ठकी हसली. पाच कधी वाजले कळलं नाही. ती गेल्यावर मी हळूच टेबलाचा खण उघडून पाहिलं. तिने ठेवलेला अर्ज तिथेच होता, सहीशिवाय.

तिसरा बुधवार म्हणजे नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. ठकी आलीच नाही. साडेचारला आम्ही दोघं जेवलो. पाचला हे गेले, बस काही थांबत नाही. मी ताटं उचलली, टेबलावर कापड पसरलं आणि कात्री हातात घेतली. ठकीच्याच इस्पितळातल्या मेट्रनबाईंचा कोट शिवायचा होता. वड्याचं तेल वांग्यावर काढावं तशी मी त्या कापडावर तुटून पडले.

सहाला ठकी आली. चेहरा पार उतरलेला. “एका बाईंनी हात धरून ठेवला होता गं. सोडवून घ्यावासा वाटला नाही,” म्हणाली. मी ताट वाढलं. कापडाच्या कडेला तिने ते टेकवलं आणि खुर्ची ओढून बसली. आपण होऊन बसली. दोन घास खाल्ले आणि बेतलेल्या तुकड्यांकडे बघत थांबली. याच टेबलाखाली खेळत वाढलेली पोर ती.

“आई, या दोन्ही बाह्या डाव्या आहेत.”

मी पाहिलं. कापडाच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवून कापायचं, म्हणजे एक बाही डावी आणि एक उजवी निघते, हे मी शिकाऊ मुलींना पहिल्या दिवशी सांगते. तीस वर्षांच्या कामात पहिल्यांदाच मी दोन्ही पदर सुलट बाजू वर ठेवून कापले होते.

“मेट्रनबाईंना सांग, उजवा हात वापरायचा नाही,” मी म्हटलं.

ठकीला हसताना ठसका लागला. मी पाणी दिलं, पाठीवर हात फिरवला आणि तोंडातून निघूनच गेलं, “जाऊ नकोस गं.”

ती हसायची थांबली. “आई, रात्रपाळीनंतर दीड तास बसमध्ये उभी राहते मी. झोपेने पडायला होतं.”

हे तिने आजवर कधी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कधी? चिठ्ठीत? मी उठले, खणातून अर्ज काढला आणि पेन तिच्या हातात दिलं. त्या दोन डाव्या बाह्यांशेजारी तिने सही केली. मी रडले, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

रविवारी ती गेली. सोमवारी मेट्रनबाई कोट घालून बघायला आल्या. नवं कापड आणून मी तो पहिल्यापासून बेतला होता. मी टाचण्या तोंडात धरून खांदा सारखा करत होते.

“तुमची लेक अजब आहे हो,” त्या म्हणाल्या. “रविवारच्या सुट्टीसाठी आमच्याकडे सगळ्या भांडतात. तिने हातचा रविवार सोडून बुधवार मागितला. मी विचारलं, का गं? तर म्हणे, ‘आमच्याकडे बुधवारी चारला जेवतात.’”

माझे हात थांबले.

“किती वर्षांची पद्धत ही?”

झाले होते तीन बुधवार. त्यातला एक सात मिनिटांचा आणि एक बिघडलेला. मी एकेक करून टाचण्या तोंडातून काढल्या.

“पहिल्यापासूनची,” मी म्हटलं. “हात वर करा, उजवी बाही बघू.”