स्वर्गातलं धुकं

"दिसले! मालक दिसले!" चिखलीतल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये शंभर माणसं एका सुरात ओरडली आणि माझं डोकं फिरलं. समोर भिंतीएवढा टीव्ही, त्यावर धुक्यातली झाडं, झाडांमागे पांढऱ्या टोपीचा म्हातारा. खाली लाल फडक्यात गुंडाळलेली 'दिव्य पेटी' घरघरत होती.

"पेटी घुमतीय! स्वर्गाचं दार उघडलं!" गणराज महाराज गरजले.

माझ्या शेजारी राहणाऱ्या रुक्मिणीबाईंच्या हातात लाल धागा बांधलेला रिमोट होता. त्याचं बटण दाबत त्या आपल्या वारलेल्या नवऱ्याकडे निघाल्या होत्या. पण जवळ जावं तर तो नाहीसा होई आणि पुढच्या झाडाखाली दिसे.

"टोपी तशीच हाय बघा. पण तोंड का दिसंना, महाराज?" त्यांनी विचारलं.

"ते धुकं तुमच्या औषधाचं हाय, मावशी. सुई सोडा, तोंड दिसंल."

या नालायकाच्या शब्दावर बाईंनी तीन दिवस इन्सुलिन घेतलं नव्हतं. सकाळी चक्कर येऊन पडल्या, तरी दवाखान्याऐवजी इथे आल्या. म्हणून त्यांची मुलगी स्वरूपा मला घेऊन मागोमाग धावली. ती व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत आहे.

तिने आईच्या हातून रिमोट घेतला आणि एक बटण दाबलं. स्वर्गाच्या मधोमध सेटिंगची यादी उघडली! तिने धुकं बंद केलं. चित्र अडखळायला लागलं, पेटी आणखी घरघरली. प्रत्येक झाडाखाली तोच म्हातारा, पुठ्ठ्यासारखा चपटा.

"ही गेमची पेटी आहे," स्वरूपा म्हणाली. "लांबपर्यंत सगळं नीट काढायचं तर हिला दम लागतो. म्हणून लांबचं कच्चं ठेवतात आणि वर धुकं पसरतात. घुमतोय तो आतला पंखा. आणि आई, याला तोंड बनवलेलंच नाही, म्हणून जवळ गेलं की लपवतात."

"अगं बया! ह्यालाच काल मी आमचे मालक म्हणून हात जोडले!" मागच्या रांगेतल्या शालनबाई किंचाळल्या.

महाराजांनी घाईने वायर उपटली. "देव कोपला!"

मी प्लग परत लावला. देव परत आला.

रिक्षातून दवाखान्यात जाताना रुक्मिणीबाई लेकीला म्हणाल्या, "ते खरंच आमचे मालक असते, तर त्यांनी मला सुई सोडू दिली असती का गं?"

शंभर जणांत हा प्रश्न कुणाला पडला नाही, मावशींना पडला. पडद्यावर कुणी काही दाखवलं, तर ते कसं दाखवलं ते विचारा. औषध सोड म्हणणाऱ्याला मात्र काही विचारू नका. त्याला सरळ पोलिसांत द्या.