तिकडचं आभाळ

वाल्मिकने गावाहून, अमळनेरहून आणलेल्या पोत्याची सुतळी सोडली, आत हात घातला आणि मूठभर गहू ओट्यावर पसरला. दाणा काळवंडला होता. काहींना पांढरे कोंब फुटले होते. आंबूस वास सुटला तशी त्याची बायको जयश्री नाकाला पदर लावून आत गेली. सुरतेतल्या डिंडोलीच्या त्या गल्लीतली चार माणसं जमली होती, त्यांत हिलालआप्पाही होता. तो दाण्यांकडेच बघत राहिला. वाल्मिककडे बघायचं त्याला धाडस होत नव्हतं.

"कापून वावरात पसरला होता," वाल्मिक म्हणाला. "दुसऱ्याच दिवशी गारा. झाकायलाही सवड मिळाली नाही."

"पण आप्पांनी तर आभाळ मोकळं राहील म्हणून सांगितलं होतं," शेजारचा सुकदेव म्हणाला.

हिलालला खोकला नव्हता, तरी तो खोकला.

"आप्पांनी कचेरीतल्या साहेबांचं सांगितलं," वाल्मिक म्हणाला. "साहेब लोक चुकले, त्याला आप्पा काय करतील? जयश्री, आप्पांना चहा टाक."

चहा आला. हिलालने कप नुसता हातात धरून ठेवला.

प्लेगच्या वर्षी अर्धी सुरत ओस पडली, तेव्हा कापडाच्या लूमवरचं त्याचं काम सुटलं. परत आल्यावर कुणाच्या तरी ओळखीने सरकारी कचेरीत शिपायाची जागा मिळाली. तालुक्या-तालुक्यातून पावसाच्या नि पिकांच्या खबरी तिथे येत. साहेब लोक त्या जुळवून आठवड्याचं पत्रक काढत. हिलाल टेबलं पुसायचा, चहा आणायचा, अंगणातल्या पाऊस मोजायच्या भांड्याभोवतीचं गवत कापायचा. साहेबांच्या बोलण्यातलं जे कानावर पडे ते संध्याकाळी गल्लीत सांगायचा. एक-दोन वेळा सांगितलं तसंच घडलं आणि मग लोक विचारायलाच येऊ लागले. पापड कधी घालायचे, गावाकडे मांडव कधी टाकायचा. "आप्पा, काय म्हणतं तुमचं हाफिस?" लूमच्या खडखडाटात उभं आयुष्य गेलं, तिथे कधी कुणी त्याचं मत विचारलं नव्हतं. ते विचारणं त्याला गोड लागलं. कानावर काही पडलेलं नसेल त्या दिवशी तो मनचंच सांगू लागला.

धुळवडीला वाल्मिकने गव्हाचं विचारलं तेव्हा भोवती सगळी गल्ली होती. तोंडाला रंग लागलेला हिलाल वर बघून म्हणाला होता, "काप बिनधास्त. कचेरीत तसाच रिपोर्ट आहे."

चहाचा कप खाली ठेवून तो घरी आला. बायकोने, शोभाबाईने ताट वाढलं. दोन घास खाऊन त्याने हात धुतला. तिने ताट उचललं. ओट्यावरचं बोलणं तिच्याही कानावर गेलं असावं.

सकाळी कचेरीत गेल्यावर त्याने झाडू घेतला, पण भिंतीवरच्या नकाशासमोर तो थांबला. हा नकाशा तो रोज पुसायचा. वाचता येत नव्हतं म्हणून कधी नीट पाहिला नव्हता. गामीत साहेब आले, खुर्चीत बसले. हिलाल दारातच उभा राहिला.

"शुं छे, हिलालभाई?"

"साहेब, अमळनेर कहाँ है इसमें?"

साहेब उठून नकाशाजवळ आले. बोट वलसाडवरून सुरतेवर, तिथून व्यारा, सोनगडपर्यंत गेलं आणि उच्छलपाशी थांबलं. तिथे हिरवा रंग संपत होता. पुढे नुसता पांढरा कागद होता.

"अमलनेर तो महाराष्ट्र में आया," साहेब म्हणाले. "उधर का अपने पास कुछ नहीं आता. बारिश का भी नहीं, फसल का भी नहीं. क्यों, गाँव में कुछ हुआ क्या?"

"नहीं साहेब. ऐसे ही."

इतकी वर्षं गल्लीला तो गावाकडच्या ज्या आभाळाचं सांगत आला, त्याच्याकडे या कचेरीतलं कुणी एकदाही पाहिलेलं नव्हतं. हिलालने नकाशा पुसला. पांढरा भागही पुसला. साहेबांनी चहा मागवला, तेव्हा त्यांना दोनदा हाक मारावी लागली.

संध्याकाळी तो घरी न जाता आधी वाल्मिककडे गेला. वाल्मिक एकटाच ओट्यावर बसून परातीत गहू निवडत होता. निघेल तेवढा कोंबड्यांसाठी वेगळा काढत होता. त्याने सरकून जागा केली. हिलाल उभाच राहिला.

"वाल्मिक, एक सांगायचं होतं."

"बसा ना, आप्पा."

"साहेबांचं चुकलं नाही. साहेबांनी तसं काही सांगितलंच नव्हतं. आपल्या गावाचं तिथे काही येतच नाही. आणि त्या दिवशी तर..." त्याने ओट्याची कड धरली. "त्या दिवशी कचेरी बंद होती. मी मनचं सांगितलं. तू सगळ्यांसमोर माझी बाजू घेतलीस. ते मला सोसत नाही. दोन शिव्या दे."

वाल्मिकचा हात परातीत फिरत राहिला. मग थांबला.

"धुळवडले हाफिस बंदच ऱ्हास, आप्पा," तो घरच्या बोलीत म्हणाला. "माले माहीत व्हतं."

हिलाल ओट्यावर टेकला.

"मंग माले इचारं कसाले?"

गावी वाल्मिकचा भाऊ तेव्हा म्हणत होता, कापणीला आणखी आठ दिवस थांबू. वाल्मिकच्या लूमचा शेठ तेवढी रजा वाढवून देत नव्हता. हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, हिलाललाही. वाल्मिकने परात बाजूला सारली आणि खाली मान घालून बोटांना चिकटलेले दाणे झाडले.

"तुमी हो म्हनशात, म्हनीसन."